एकशे बासष्ट फुटांवर

बोअरची जागा गुलाबनं स्वतः दाखवली होती, त्यामुळे आता दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर खापर फोडायची सोय नव्हती.

पाच महिने त्यानं हा बोअर लांबवला होता. आधी म्हणाला, इथं पाणी लागत नाही. त्याची मुलगी साक्षी म्हणाली, पाण्यासाठी खोदायचंच नाही. मग म्हणाला, खाली खडक आहे. साक्षी म्हणाली, वर मशीन आहे. शेवटी म्हणाला, असली थेरं या पट्ट्यात कोणी केली नाहीत, लोक हसतील. त्यावर मुलगी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे नुसती पाहत राहिली, आणि गुलाबची बोलती बंद झाली.

गुलाबची बायको प्रेमिला गेल्या वर्षी मे महिन्यात गेली होती. सत्तेचाळीस डिग्रीची दुपार, लाइट गेलेली, कूलर बंद. टिनाच्या छपराखाली बाई दोन तास एकटी पडून होती. गुलाब राशनच्या दुकानातून परत आला तेव्हा तिचं अंग हात लावता येऊ नये इतकं तापलं होतं, आणि ती त्याला ओळखत नव्हती. साक्षी नागपूरला मोठमोठ्या इमारती थंड ठेवायची यंत्रं बसवण्याचं काम करते. जगाला गारवा वाटत फिरणाऱ्या पोरीची आई उकाड्यानं मेली. हे तिला गिळता येत नव्हतं आणि थुंकताही येत नव्हतं.

म्हणून तिनं ठरवलं, बाबाच्या प्लॉटवर घर बांधायचं आणि जमिनीच्या पोटातला गारवा वर आणायचा. ऊन वर कितीही तापो, खोलवरची माती बारा महिने एकसारखी राहते. तिथपर्यंत नळ्या सोडायच्या, त्यांतून पाणी फिरवायचं. ते पाणी घरातली गरमी खाली नेऊन मातीला देतं आणि निवून वर येतं. वर एक लहानसं यंत्र, आणि लाइट गेली तरी ते चालावं म्हणून बॅटऱ्या. घरात या गोष्टीवर दोन तट पडले होते. साक्षीच्या बाजूनं तिची मोठी आई, म्हणजे गुलाबची वहिनी कांता. गुलाबच्या बाजूनं कांताचा मुलगा राजदीप. तो एटापल्लीला मास्तर आहे, आणि नवीन म्हटलं की आधी नाही म्हणायची त्याची सवय आहे.

कांताचा शब्द घरात शेवटचा असे. थोरला नथ्थू चौतीस वर्षांपूर्वी एके दिवशी बायको आणि तीन वर्षांचं पोर टाकून निघून गेला, असं घरात, गावात आणि पोलिसांच्या कागदावर ठरलेलं होतं. सिरोंच्याच्या बस स्टँडवर कोणीतरी त्याला एका बाईबरोबर पाहिलं, असंही ठरलेलं होतं. कांता माहेरी कोरपन्याला गेली नाही. दिराच्या घरात राहून तिनं धानाची रोवणी केली, विटा वाहिल्या, पोर शिकवलं, आणि नवऱ्याचा एकच फोटो होता तो चुलीत घातला. राजदीपनं मोठा झाल्यावर सरकारी कागदांवरून बापाचं नाव काढून आईचं लावलं. त्या दिवशी तिनं सगळ्या मोहल्ल्यात बुंदी वाटली होती.

बुद्धपौर्णिमेला पायाभरणी करायची ठरली तेव्हा गुलाबचे सगळे बहाणे संपले. एके पहाटे तो उठून बंद पडलेल्या तीन नंबर खाणीच्या तोंडापाशी गेला आणि तिथून पावलं मोजत निघाला. बत्तीस वर्षं तो जमिनीखाली लाकडाचे टेकू लावायचं काम करत होता. अंधारात डोळ्यांना काही कळत नाही, तिथं माणूस पावलांवर चालतो. कुठल्या वळणापासून किती पावलांवर छत पेलायला कोळशाचा भरीव खांब सोडलेला आहे आणि कुठून पोकळ गल्ली सुरू होते, हे त्याच्या पायांना अजून पाठ होतं. बाभळीपर्यंत आला, डावीकडे वळला, चाळीस मोजली, आणि आपल्याच प्लॉटच्या कोपऱ्यात एक दगड ठेवला. या दगडाखाली खांब होता. इथं खोदलं तर कोळसा लागेल, पोकळी लागणार नाही.

पोकळी लागायला नको होती, कारण त्या पोकळीत नथ्थू होता. एकोणीसशे एक्याण्णव सालापासून तो तिथंच होता, आणि वरच्या जगात हे एकट्या गुलाबला माहीत होतं.

*

पायाभरणीच्या आदल्या दिवशी अकराच्या सुमाराला मशीन एकाएकी किंचाळलं. दांड्याचा पुरुषभर लांबीचा तुकडा कोणी खालून ओढून घ्यावा तसा खाली गेला. पोचूनं धावत जाऊन मशीन बंद केलं. बोअरवाला पोचू सिरोंच्याकडचा होता, मराठी बोलता बोलता तेलुगूत शिरायचा आणि हिंदीतून बाहेर निघायचा.

"अय्यो! पूरा पोकळ हाय खाली, मॅडम," तो म्हणाला. "एकशे बासष्ट फुटावर सीधा गिरला."

साक्षी हिरव्या जाळीच्या मांडवातून वही घेऊनच धावली. राजदीप रात्रीच्या बसनं आला होता. तो उन्हासाठी डोक्याला बांधलेला दुपट्टा सावरत मागून आला. कांता मांडवात उद्याच्या जेवणाचे तांदूळ निवडत होती, तिनं सूप खाली ठेवलं.

गुलाब जागचा हलला नाही. त्याच्या पायांनी त्याला फसवलं होतं. बाभळ तीच होती की मधल्या काळात उगवलेली दुसरी, हे त्यानं तपासलंच नव्हतं. म्हातारपणी पाऊल आखूड पडतं, हेही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. जिथं खांब असायला हवा होता तिथून चार-सहा पावलांवर, नेमकं गल्लीच्या छपरातून, त्यानं पोरीला भोक पाडायला लावलं होतं.

"पोकळी असंल तं बरंच आहे की," राजदीप म्हणाला. "नळ्या आरामात जातीन."

"नाही जमत, दादा. नळीला चारी बाजूंनी माती चिकटून पायजे. तापमान तरी पाहू."

दांडे वर काढायला पाऊण तास गेला. मग साक्षीनं तारेला बांधलेला तापमापक आत सोडला. दर वीस फुटांनी थांबायची, आकडा वहीत लिहायची. साठ फुटांवर एकोणतीस आला तेव्हा तिचा चेहरा खुलला होता. शंभरावर चौतीस आला. तिनं तार हलवून पाहिली. एकशे चाळीसावर एक्केचाळीस आला. एकशे साठावर एकोणपन्नास.

"खराब झाला वाटते," ती म्हणाली. तिनं दुसरा तापमापक बांधला. त्यानंही एकोणपन्नासच दाखवलं. "बाबा, असं होत नाई. खोल गेलं की जरा वाढते, पण इतकं नाई. खाली काहीतरी तापून राह्यलं आहे."

त्याच वेळी गुलाबला वास आला. गोडसर, रॉकेलसारखा, आणि त्यात ओल्या कपड्यांचा कुबट वास मिसळलेला. हा वास तो चौतीस वर्षांत विसरला नव्हता. कोळसा आतल्या आत धुमसायला लागला की हाच वास येतो. त्यानं वर पाहिलं तर पोचू बोअरच्या तोंडाशी उकिडवा बसून ओठात बिडी धरून आगपेटी काढत होता.

गुलाब बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्यांनी अधू, पण तो असा धावला की राजदीपला बाजूला व्हावं लागलं. त्यानं पोचूच्या हातातली पेटी फटका मारून उडवली.

"मरतं का बे! अन् सगळ्याइले मारतं! उठ तिथून. वाऱ्याच्या बाजूले व्हा सगळे. साक्षी, दूर हो!"

पोरगी दूर झाली. पोचू हात चोळत बाजूला गेला. कांता मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. गुलाबला वाटलं की आता आपल्याकडेच सगळे पाहत आहेत. ते खरंही होतं.

"काका," राजदीप म्हणाला, "तुमाले मालूम होतं खाली काय हाय ते?"

"खाण हाय. या आख्ख्या भागात खाली खाण हाय, हे तुले बी मालूम हाय."

"इकडं नाई येत म्हणे खाण. तुमीच सांगतलं होतं प्लॉट घेतला तवा. 'इथून खाण दूर हाय, राजदीप, घर पक्कं राहीन.' मी तुमच्या बाजूनं भांडलो इतके दिवस. बोअर नोको म्हणून राह्यले तं काका बरोबरच म्हणत असतीन म्हटलं. काऊन नोको, ते तं तुमी सांगतलंच नाई."

"आता सांगतो ना. भोक बुजवू. घर दुसरीकडं बांधू."

"असं कसं बुजवू?" साक्षी मध्ये पडली. "आधी खाणीच्या ऑफिसातून नकाशा काढू. कोणता भाग आहे, कधी बंद केला, सगळं लिहिलेलं असते त्यात. आपल्या घराखाली आग आहे, बाबा! शेजारी सहा घरं आहेत. सांगायला नको त्यांना?"

नकाशा गुलाबनं पाहिला होता. नकाशावर त्या भागाभोवती लाल रेघ होती आणि रेघेवर तारीख होती. ती तारीख या घरात आणखी एका माणसाला पाठ होती.

"नकाशाचं काम नाई," तो म्हणाला. "मी सांगतो ना, तीन नंबरचा जुना भाग हाय. आग लागली होती, म्हून भिंत घालून बंद केला. हवा तुटली की आग दबते. आता आपण भोक पाडलं. उन्हाचं ते बाहेर फेकून राह्यलं, पण सांजेले थंड झालं की आत हवा ओढन. अंधार पडाच्या आत बुजवाच लागंन."

"कवा लागली होती आग?"

हे कांतानं विचारलं होतं. आवाज चढलेला नव्हता. ती मांडवातून उन्हात आली होती आणि तिनं डोक्यावर पदरही घेतला नव्हता.

"जुनी गोष्ट हाय, वहिनी."

"किती जुनी?"

गुलाबनं खाली पडलेली आगपेटी उचलून खिशात घातली.

"तीन नंबरची आग मले आठवते, भाऊजी," कांता म्हणाली. "भोंगा वाजला, सगळ्या बाया खाणीवर धावल्या. मी नाई गेली. या राजदीपले ताप होता, अन् तुमचे भाऊ तं सुट्टीवर होते, घरून सकाळीच निघाले होते दोस्ताकडं जातो म्हून. मी म्हटलं, माझा माणूस खाली नाई, मी कायले धावू? कार्तिक लागला होता. त्याच रात्री ते घरी आले नाई. अजून आले नाई." तिनं प्लॉटभर नजर फिरवली. "तुमी हे जागा काऊन घेतली, भाऊजी? चांगल्या चार जागा दाखवल्या होत्या लोकाइनं. तुमी म्हटलं, मले हेच पायजे."

गुलाबला खोटं बोलायची सवय होती. चौतीस वर्षांची सवय. या खेपेलाही तोंडात दोन-तीन खोटी उत्तरं तयार होती आणि त्यातलं कुठलंही चाललं असतं. पण वास नाकात भरला होता, आणि त्या वासात त्याला खोटं बोलता येईना. वासामुळे त्याला तो दिवस पुन्हा उभा दिसत होता.

"वहिनी, सावलीत चला," तो म्हणाला.

"इथीच सांगा."

*

त्यानं उभ्यानंच सांगितलं.

त्या दिवशी दुपारपाळी त्याची होती, नथ्थूची नव्हती. पण गुलाबला गोंडपिपरीकडच्या एका गावात मुलगी पाहायला जायचं होतं, आणि सुट्टी मिळत नव्हती. पाळी चुकवली तर नवीन माणसाची नोकरी जाते, गुलाब तेव्हा नवीनच होता. नथ्थू म्हणाला, तू जाय, पोरगी पाहून ये, तुझ्या नंबरवर मी उतरतो. तसं सगळेच भाऊ करायचे, आणि बातमी फुटू नये म्हणून घरातल्या बायांनाही सांगायचे नाहीत. खाली उतरताना दिवा घ्यायच्या खिडकीवर कोणी तोंड पाहत नसे, नंबर पाहत.

"मुलगी पाहायले," साक्षी हळूच म्हणाली. "म्हणजे आई."

"हाव. तुझी आई."

पोरीनं हातातली वही मिटली. तिच्या तोंडाकडे गुलाबला पाहवेना, म्हणून तो पुढं कांताशी बोलत राहिला.

"मुलगी पसंत पडली. सांजच्या गाडीनं मी परत आलो. स्टँडवर उतरलो तं भोंगा वाजून राह्यला. धावत गेलो. खाणीच्या तोंडाशी हे गर्दी. धूर. लोक वर येऊन राह्यले, अन् टेबलावर बसून बाबू नावं पुकारून राह्यला. जो वर आला त्यानं आवाज द्याचा. मी गर्दीत घुसलो, दादाले पाहून राह्यलो, अन् तेवढ्यात त्यानं पुकारलं, 'गुलाब डोमा.'"

राजदीपला पुढचं कळलं असावं, कारण त्यानं मान फिरवली.

"माझंच नाव होतं ते," गुलाब म्हणाला. "जिंदगीभर शाळेत, खाणीत, त्या नावाले मी एकच गोष्ट म्हटली होती. तोंडातून निघून गेलं. 'हाजिर.' बाबूनं खूण केली. तो शेवटचा नंबर होता. सगळे वर आले, हिसाब बराबर, असं साहेबानं म्हटलं. अन् भिंतीचं काम सुरू केलं."

ऊन असं होतं की बोअरच्या लोखंडी तोंडावर हवा थरथरताना दिसत होती. पोचूला मराठीतलं किती कळलं कोण जाणे, पण त्यानं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं होतं.

"अन् तुमी गप राह्यले," राजदीप म्हणाला.

"आधी मले वाटलं, दादा वर आला असंन. कोणाच्या मागं उभा असंन. शोधलं. मंग..." गुलाबनं ओठ चाटले. "मंग मी भेलो. सांगतलं असतं तं दोघाइची नोकरी गेली असती, जेल झाली असती, हे खोटं कारण नाई. पण तेच खरं हाय असं बी नाई. मी भेलो, राजदीप. नुसता भेलो. मोठा साहेब वरडून राह्यला, घाई करा, नाई तं पूर्ण खाण उडन. चाळीस-पन्नास माणसं कामाले लागली होती. मी बी विटा धरल्या."

"तू भिंत बांधली?"

"बांधली."

राजदीपनं काकाला आजवर कधी अरेतुरे केलं नव्हतं. आता केलं, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. तो दोन पावलं पुढं आला, मूठ वळलेली. साक्षी मध्ये उभी राहिली, पण तिनं बापाकडे पाठ केली होती आणि त्याला वाचवण्यात तिचं मन होतं असं दिसत नव्हतं.

"माझ्या बापाचं नाव काढलं मी कागदावरून," राजदीप म्हणाला. "तुमी सोबत आले होते ऑफिसात. सही केली साक्षीदार म्हून. 'बरं केलं बेटा' म्हटलं."

सिरोंच्याच्या बाईची कंडी गुलाबनं पिकवली नव्हती, हे तो सांगू शकला असता. कोणीतरी ती घेऊन आलं तेव्हा तो फक्त गप्प बसला होता. पण आता दोन्हींतला फरक त्याला स्वतःलाच दिसेना. पोर वाढवलं, वहिनीला कधी कमी पडू दिलं नाही, प्लॉट घेतला तोही यासाठी की दुसऱ्या कोणी तिथं विहीर खोदू नये. की भावाच्या जवळ राहावं म्हणून घेतला? हे तर त्याला कधीच नीट ठरवता आलं नव्हतं. आता ते सांगून उपयोगही नव्हता.

कांता इतका वेळ बोअरच्या तोंडाकडे पाहत होती.

"मी रोज शिव्या दिल्या त्याइले," ती म्हणाली. "रोज सकाळी चूल पेटवताना. येकही दिवस चुकवला नाई. म्हणे, कुठी बी असशील तं तुझ्या अंगाची आग होवो." तिनं हातानं तोंड दाबलं आणि मग हात काढला. "त्या रागावर जगली मी, भाऊजी. विटा वाहल्या त्या रागावर. आता मी कशावर जगू?"

"वहिनी..."

"येक सांगा. खरं सांगा. भिंत घालून राह्यले तवा आतून काही आवाज आला होता?"

साक्षी म्हणाली, "मोठी आई, नको ना विचारू." राजदीपही काहीतरी म्हणाला.

गुलाबनं इतर सगळं सांगितलं होतं. हे एक त्यानं मागं ठेवलं होतं, आणि ते मागं ठेवण्यात तिच्यावर दया होती अशी त्याची समजूत होती. नाही म्हटलं तर ही बाई आजची रात्र तरी काढेल. त्यानं तोंड उघडलं आणि 'नाई' हा शब्द जिभेवर आणला. पण ती त्याच्याकडे पाहत होती. चौतीस वर्षांत या बाईला त्यानं एकही खरी गोष्ट दिली नव्हती.

"पाण्याचा पाइप होता भिंतीतून गेलेला," तो म्हणाला. "तो वाजला. कोणी दगडानं वाजवावं तसा. दोनदा वाजला. मंग थोड्या वेळानं अजून येकदा. बाजूचा मिस्त्री म्हणे, गरमीनं पाइप तडकून राह्यला. मी म्हटलं, हाव. अन् त्याले पुढची वीट देली."

कांता खाली बसली. पडली नाही, सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून, तापलेल्या मातीत बसली. राजदीप तिच्याजवळ गेला तर तिनं त्याला हातानं दूर केलं. रडली नाही. गुलाबला वाटत होतं की तिनं रडावं, ओरडावं, चप्पल काढावी. तसलं काही झालं नाही.

*

भोक बुजवू नये असं राजदीपचं म्हणणं होतं. ऑफिसात कळवू, पोलिसांत जाऊ, बापाला वर काढू.

"काय काढशील, बेटा?" कांता म्हणाली.

साक्षीनं फोनवर कोणाकोणाला विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, आधी हवा तोडा, मग बाकीचं. तिनं तहसीलला फोन केला, शेजारच्या सहाही घरांत जाऊन आली, आणि परत आल्यावर बापाशी ती कामापुरतं एक वाक्य बोलली. "कसं बुजवायचं ते पोचूला सांगा."

गुलाबनं सांगितलं. पोत्यांचा घट्ट बोळा दोरानं खाली सोडायचा, निमुळत्या जागी अडकवायचा, त्यावर तळ्याची चिकणमाती ओली करून टाकायची, थर दाबत दाबत वर यायचं, आणि शेवटी सिमेंट. हे काम त्याला येत होतं. पोचूनं तळ्यावरून ट्रॅक्टरभर माती आणली. बोळा उतरवला. पहिल्यांदा निसटला, दुसऱ्यांदा बसला. वास कमी झाला.

पोचूनं फावडं उचललं तेव्हा कांता उठली.

"थांब गा, भाऊ," ती म्हणाली. "माती द्याले आमचं माणूस हाय."

पोचूला कळलं. तो फावडं टेकवून मागं सरला. कांतानं ढिगातली ओली माती मुठीत घेतली, बोअरच्या तोंडाशी गेली आणि आत सोडली. खाली पडल्याचा आवाज यायला वेळ लागला. तिनं तो आवाज येईपर्यंत वाट पाहिली. राजदीपनं त्रिशरण म्हणायला सुरुवात केली, आणि अर्ध्यात त्याला पुढं म्हणता येईना, तेव्हा साक्षीनं ते धरलं आणि शेवटापर्यंत नेलं. राजदीपनं माती टाकली. साक्षीनं टाकली, कधी न पाहिलेल्या मोठ्या बाबासाठी. मग तिनं पोचूकडे पाहिलं, तर कांताच म्हणाली, "तू बी टाक, भाऊ. तुझ्यानं सापडला तो." पोचूनं चपला काढल्या, आणि एक मूठ टाकून कपाळाला हात लावला.

गुलाब सगळ्यात शेवटी पुढं आला. गुडघे दुखत होते तरी तो पूर्ण वाकला आणि त्यानं माती उचलली.

कांता बोअरच्या तोंडाशी उभी होती. ती बाजूला झाली नाही. तिनं हात आडवा केला.

"तू नाई," ती म्हणाली.

पोचूनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि फावडं उचलून भराभर माती लोटायला लागला. राजदीप घमेलं भरून देऊ लागला. गुलाबच्या मुठीतली माती ओली होती, तिचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. ती कुठं टाकावी हे त्याला कळेना, म्हणून मूठ मिटून तो तसाच उभा राहिला.